प्लास्टिकखाली शंभर अंश

मी एक प्रोसेसर. नमस्कार वगैरे मागाहून करू, आधी एक गोष्ट नीट ऐकून घ्या. पडद्याला तुम्ही कॉम्प्युटर म्हणता, कीबोर्डवर राग काढता, माउस आपटता, आणि राबतो कोण? मी. टेबलाखालच्या काळ्या डब्यात बसलेला, बिस्किटाएवढा चौकोनी मी. या घरात मला सहा वर्षं झाली, पण माझं तोंड पाहिलेली माणसं दोनच. त्यातल्या एकाने माझी काय दशा केली ते आज सांगणार आहे. सांगताना जीभ जरा तिखट होईल. मी जे सोसलंय ते तुम्ही सोसलं असतंत, तर तुम्ही शिव्याच दिल्या असत्यात.

माझा जन्म वाळूतून झाला. आमच्या कारखान्यात माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात झाकलेली असत, आणि धुळीचा एक कण दिसला तरी त्यांच्या तोंडचं पाणी पळे. इतक्या सोवळ्यात वाढलेला मी शेवटी येऊन पडलो कुठे, तर टेबलाखाली, पायपुसण्याच्या शेजारी. असो. नशिबाचे भोग कुणाला चुकलेत?

मला घरी आणलं ते मुलीने. मुलगी म्हणजे या घरातली एकुलती एक लेक. मोठमोठ्या इमारतींत हवा कशी खेळवायची, कुठल्या खोलीतली गरम हवा कुठून बाहेर काढायची, याचे आराखडे काढायची तिची नोकरी. हे लक्षात ठेवा बरं का, पुढे हसायला उपयोगी पडेल. तिने मला स्वतःच्या हाताने डब्यात बसवलं. हलक्या हाताची पोर. दोन-तीन वर्षं तिने माझ्याकडून भरपूर काम करून घेतलं आणि मीही कधी कुरकुर केली नाही. मग तिच्या ऑफिसने तिला लॅपटॉप दिला. झालं! कामापुरता मामा आणि ताकापुरती आजीबाई. मी आईच्या वाट्याला आलो. आई माझ्यावर पत्ते खेळायची आणि जुने फोटो बघायची. मी, सेकंदाला अब्जावधी हिशेब करणारा, दिवसभर बदामाची राणी इकडची तिकडे करत बसलो.

आता बाबा. मुलीचे बाबा, आईचे ‘अहो’.

बाबांचं फर्निचरचं शोरूम होतं. चाळीस वर्षं त्यांनी सोफे, पलंग, कपाटं विकली आणि त्या चाळीस वर्षांत एकच ब्रह्मज्ञान मिळवलं: प्लास्टिक फाटलं की माल जुना. शोरूम बंद झालं, ज्ञान घरी आलं. या घरातल्या सोफ्यावरचं प्लास्टिक तेवीस वर्षांचं आहे. उन्हाळ्यात ते मांड्यांना चिकटतं, थंडीत कुरकुरतं, पण निघत नाही. रिमोट पिशवीत. फ्रिजच्या दांड्याला प्लास्टिक. भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवर प्लास्टिक, त्यामुळे नक्की किती वाजलेत यावर घरात रोज मतभेद. कुणी काढायला हात घातला, की बाबांचं ठरलेलं वाक्य यायचं, “राहू दे तसंच. काय घाई आहे?”

माझ्या पडद्यावरच्या कॅमेऱ्याचीही चिकटपट्टी त्यांनी कुणाला काढू दिली नाही. त्यामुळे मला हे घर सहा वर्षं धुक्यातलंच दिसलं. आई म्हणजे एक पिवळसर डाग, बाबा म्हणजे एक लांबट डाग. आवाज मात्र सगळ्यांचे स्वच्छ ऐकू यायचे.

दीड वर्षापूर्वी माझ्या डोक्यावरचा कूलर खडखडायला लागला. कूलर म्हणजे काय ते सांगतो. खाली तांब्याचा गुळगुळीत तळ, त्यावर धातूच्या पात्या, त्यावर पंखा. माझी उष्णता तांब्याने ओढून घ्यायची, पात्यांनी पसरायची, पंख्याने उडवून लावायची. साधं काम आहे. मुलीने नवा कूलर मागवला आणि म्हणाली, “रविवारी बसवते.”

रविवारपर्यंत थांबतील ते बाबा कसले! “चाळीस वर्षं स्क्रूड्रायव्हर हातात धरलाय मी,” असं आईला सांगून त्यांनी मंगळवारीच डबा उघडला. खरं सांगतो, हात कसबी होता. जुना कूलर असा उचलला की मला कळलंही नाही. तांबं मला नीट टेकावं म्हणून मध्ये लावतात ती जुनी मलमासारखी पेस्ट पुसली, नवी लावली. मी मनात म्हटलं, वा! माणूस जाणकार दिसतोय.

आणि मग त्यांनी नवा कूलर उलटा करून बघितला. तांब्याच्या तळावर पारदर्शक प्लास्टिकचा एक तुकडा होता, अंगठ्याच्या दोन पेरांएवढा. त्याला धरून ओढायला एक लाल शेपूट होतं. शेपटावर बारीक अक्षरांत सूचना होती: बसवण्याआधी काढावे. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, सूचना मोठ्याने वाचली. पूर्ण वाचली. हे मी शपथेवर सांगतो.

“छान चकचकीत आहे,” ते पुटपुटले. “राहू दे तसंच.”

लाल शेपूट लोंबत होतं, ते तेवढं कात्रीने कापलं. नीटनेटकेपणा हवा ना! आणि चारही स्क्रू आवळून तो कूलर प्लास्टिकसकट माझ्या टाळक्यावर बसवला.

भर उन्हाळ्यात रेनकोट घालून, बटणं लावून, वर कुणी म्हणावं की पंखा लावलाय ना, मग घामाघूम का होतोस? तशी माझी गत. पत्ते खेळण्यापुरतं निभत होतं. जरा जड काम आलं की मी नव्वदच्या पुढे. शंभरला पोचलो की स्वतःला बंद करून घ्यायचं, अशी आमच्या कुळाची शिकवण आहे, नाहीतर राख व्हायची. पण या घरात जड काम होतंच कुठे? वर्षभर कुणाला पत्ता लागला नाही.

आणि मग बाबांचा आवाज बसला.

आधी सगळे म्हणाले, सर्दी असेल. मग म्हणाले, बडबड कमी करा. शेवटी डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं. त्या दिवशी घरी आल्यावर तिघंही सोफ्यावर बसली आणि बराच वेळ नुसतं प्लास्टिक कुरकुरत राहिलं. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. जीव वाचणार होता, आवाज जाणार होता. ऑपरेशनला तीन आठवडे होते.

इस्पितळात बोलण्याचे उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. घरात त्यांना सगळे आवाजाच्या बाई म्हणायचे. त्यांनी एक वाट दाखवली. बाबांनी चारशे वाक्यं वाचून ध्वनिमुद्रित करायची. कॉम्प्युटर चौदा तास बसून त्या वाक्यांतून बाबांचा आवाज घडवेल. मग बाबा टाइप करतील ते तो त्यांच्याच आवाजात बोलेल. “मात्र ऑपरेशनच्या आधी ऐकून बघा,” बाईंनी बजावलं होतं. “काही कमी पडलं तर वाक्यं पुन्हा वाचावी लागतील. नंतर कोण वाचणार?”

मुलीच्या लॅपटॉपवर ऑफिस दुसरं काही चालू देत नव्हतं. बाईंनी इस्पितळातल्या मशीनवर करू म्हटलं, तर बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले, “माझा आवाज परक्या घरी ठेवायचा नाही.” म्हणजे राहिलं कोण? टेबलाखालचा, पत्ते खेळणारा, रेनकोट घातलेला मी.

वाक्यं तर काय एकेक! “बदकं रांगेने चालली होती.” “मला दोन छत्र्या हव्या आहेत.” “शिडी घट्ट धर, मी वर चढतोय.” बाबा रोज अर्धा तास माइकसमोर बसून ती वाचायचे. त्याहून जास्त घसा चालत नव्हता. प्रत्येक वाक्यानंतर एक घोट कोमट पाणी. ज्या माणसाने घरात एका दमात चार शब्दांहून जास्त कधी खर्च केले नाहीत, तो बदकांवर आणि छत्र्यांवर आपला शेवटचा आवाज उधळत होता. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकायची. एकदा म्हणाली, “माझ्याशी कधी छत्रीबद्दलसुद्धा इतकं बोलला नाहीत.” बाबा हसले. हसल्यावर खोकला आला.

चारशे वाक्यं झाली तेव्हा ऑपरेशनला सहा दिवस उरले होते. शनिवारी मुलीने सकाळी आवाज घडवायला लावला. मी कंबर कसली. पहिल्या मिनिटाला नव्वद. दुसऱ्या मिनिटाला सत्त्याण्णव. चौथ्या मिनिटाला शंभर, आणि पडद्यावर अंधार.

“बंद पडला!” मुलगी ओरडली.

पडला नाही हो, जीव वाचवला. पण ऐकतंय कोण?

पुन्हा चालू केला, पुन्हा चार मिनिटं. मग या घरात वैद्यांची जी रांग लागली, ती काय वर्णावी. पहिली आई. तिने डब्याचं झाकण काढायला लावलं आणि टेबलफॅन आणून माझ्यासमोर ठेवला, लहान बाळाला वारा घालतात तसा. माया होती तिची, मी नाकारत नाही. दोन अंश उतरले आणि आतली धूळ सगळ्यांच्या नाकात गेली.

दुसरा मामा, आईचा भाऊ. मामाला जगातल्या प्रत्येक दुखण्याचं एकच कारण माहीत आहे. “व्हायरस,” डब्याकडे न बघताच त्याने निदान केलं. मग व्हायरस शोधायला एक प्रोग्राम चालवला, ज्याने मला आणखी राबवलं. तिसऱ्या मिनिटाला मी बंद. “बघ,” मामा विजयाने म्हणाला, “किती जबरदस्त व्हायरस आहे!”

तिसरा दुरुस्तीवाला. पाठीवर बॅग, कानात फोन. त्याला सगळी गल्ली ‘फॉरमॅट’ म्हणते, कारण कुठलंही मशीन समोर आलं की तो तेवढंच म्हणतो. त्याने ब्लोअरने धूळ उडवली, तारा हलवल्या, पंख्याला बोट लावून बघितलं.

“कूलर काढून बघता का?” मुलीने विचारलं.

“नवा आहे ना?”

“हो, दीड वर्षाचा.”

“मग त्याला काय धाड भरलीय?” फॉरमॅट म्हणाला. आणि या एका बाबतीत अख्खं घर त्याच्याशी सहमत होतं. नव्या वस्तूत खोट असते, असं म्हणणं म्हणजे या घरात देवाला नाव ठेवण्यासारखं. बाबांनी तर मान हलवून दाद दिली.

“फॉरमॅट मारावं लागेल,” तो म्हणाला. “सगळं साफ करून नव्याने भरतो. अर्ध्या तासाचं काम.” आणि हात कीबोर्डवर ठेवला.

तेव्हा आई धावली. त्या पिवळसर डागाला मी इतक्या वेगाने हलताना कधी पाहिलं नव्हतं. “हात काढा आधी! त्यात यांचा आवाज आहे!”

फॉरमॅट चपापला. बॅग उचलून, “मग तुमचं तुम्ही बघा,” म्हणत निघून गेला. आई खुर्चीत बसली. मुलीने लगेच चारशे वाक्यांची एक प्रत लॅपटॉपवर काढून ठेवायचा प्रयत्न केला, तर ऑफिसच्या लॅपटॉपने तीही घेतली नाही. मग शेजाऱ्यांकडून एक पेनड्राइव्ह आणला. शहाणपण आलं, पण घाम फुटल्यावर.

सोमवार गेला. मंगळवारी माझा डबा खिडकीत ठेवून बघितला. बुधवारी पंख्याची दिशा उलटी करून बघितली. शुक्रवारी ऑपरेशन. बाबा तेवढे शांत होते. “नाही जमलं तर राहू दे,” ते म्हणाले. आवाज आता इतका खरवडलेला होता, की चारशे वाक्यं सोडाच, चार वाक्यं पुन्हा वाचणं कठीण होतं. मुलगी बाथरूममध्ये जाऊन रडून आली. नळ सोडला होता, पण माइक चांगला होता.

बुधवारी संध्याकाळी ती माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली. तापमान दाखवणारा एक आकडा तिने पडद्याच्या कोपऱ्यात लावला होता. मला थोडं राबवलं, आकडा अठ्ठ्याण्णववर गेला. आणि मग, हे तिला पाच दिवस आधी सुचायला काय हरकत होती देव जाणे, तिने हात घालून कूलरच्या पात्यांना बोट लावलं.

पात्या गार होत्या. अगदी गार.

ती तशीच थांबली. पुन्हा आकडा बघितला, पुन्हा बोट लावलं. इमारतींतली गरम हवा बाहेर काढून देणारी बाई, शेवटी एकदाची जागी झाली! “हा शंभरला टेकलेला, आणि हा बर्फासारखा?” ती स्वतःशीच बोलली. “म्हणजे उष्णता वर पोचतच नाहीये. मध्ये काहीतरी आहे.” मग मान वळवून विचारलं, “बाबा, तुम्ही बसवलात ना हा? याच्या खाली काही होतं का?”

बाबा सोफ्यावर होते. त्यांनी जरा आठवलं. “प्लास्टिक,” ते म्हणाले.

“काढलंत ना?”

आई कपबशी हातात घेऊन दारातच उभी राहिली.

“चकचकीत होतं,” बाबा म्हणाले. “म्हटलं, राहू दे तसंच.”

मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. मुलीने तोंड उघडलंही. पण बाबांचा चेहरा बघून मिटलं. मला धुक्यातून काही दिसत नव्हतं, पण त्यांचा श्वास ऐकू आला. सगळा हिशोब त्यांना एका क्षणात कळला होता. पाच दिवस बायको वारा घालत होती, लेक रडत होती, आणि त्यांच्या आवाजाच्या वाटेत त्यांनीच स्वतःच्या हाताने, चष्मा कपाळावर चढवून, सूचना वाचून, प्लास्टिक ठेवलं होतं.

“मी काढतो,” ते म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकत उठले.

चार स्क्रू. कूलर उलटा. वाळलेल्या पेस्टखाली तो तुकडा दिसेना. बाबांनी अंगठ्याच्या नखाने कडा शोधली. शेपूट तर स्वतःच कापलेलं! दोनदा नख घसरलं. तिसऱ्यांदा सुटला आणि चर्रकन निघाला. माझ्या माहितीप्रमाणे या माणसाने आयुष्यात सोललेलं हे पहिलं प्लास्टिक. मुलीने दोन्ही बाजू पुसून नवी पेस्ट लावली, वाटाण्याएवढी. तांबं माझ्या टाळूला टेकलं. अहाहा! दीड वर्षाने मोकळा श्वास घेतला. मी त्यांना माफ केलं नाही, पण बरं वाटलं हे खरं.

गुरुवारी पहाटेच मुलीने काम लावलं. चौदा तास मी राबलो. आकडा अडुसष्टच्या वर गेला नाही. आई येता-जाता आकडा वाचायची, ताप उतरलेल्या पोराचा वाचतात तसा. “अडुसष्ट,” ती बाबांना सांगायची. ते मान हलवायचे.

संध्याकाळी आवाज तयार झाला. “काय बोलायला लावू?” मुलीने विचारलं.

“त्यात काय विचारायचं?” आई म्हणाली. “या घरात जे सगळ्यात जास्त बोललं गेलंय तेच लाव.”

मुलीने टाइप केलं. मी बोललो. माझं काही नाही त्यात, आवाज बाबांचा होता, घसा पार बसायच्या आधीचा, खर्जातला, जरा घोगरा, जरा त्रासलेला: “राहू दे तसंच. काय घाई आहे?”

आई हसायला लागली. हसता हसता पदर तोंडाला लावला. बाबा म्हणाले, “मी असा बोलतो?” आई म्हणाली, “अस्सेच बोलता. तेवीस वर्षं ऐकतेय.”

स्वतःच्या घशातून त्यांनी आईला विचारलेला तो शेवटचा प्रश्न ठरला. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं.

तीन आठवड्यांनी ते घरी आले, गळ्याला पट्टी बांधून. आले ते थेट माझ्यासमोर बसले. आधी पुढे वाकून पडद्यावर काहीतरी खरवडलं, आणि एकदम धुकं गेलं. कॅमेऱ्यावरची चिकटपट्टी! अहो, सहा वर्षांत मी या माणसाचं तोंड पहिल्यांदा बघितलं. वाळलेलं, दाढी वाढलेलं, डोळे लेकीसारखे. मागे आई उभी होती. ती पिवळसर नव्हतीच, गहूवर्णी होती. तिच्या कपाळावर एक व्रण आहे, हेही मला तेव्हाच कळलं.

बाबांनी एका बोटाने टाइप करायला सुरुवात केली. एकेक अक्षर शोधत, पाच मिनिटं. मुलगी आणि आई श्वास रोखून उभ्या. शेवटी त्यांनी बटण दाबलं आणि मी त्यांच्या आवाजात बोललो:

“अगं, कात्री आण. सोफ्यापासून सुरुवात करू.”

आईने दोन्ही हात कमरेवर ठेवले. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि तोंडाने मात्र तोफ सुटली, “तेवीस वर्षं तोंड होतं, तेव्हा हे म्हणाला नाहीत! आता म्हणे कात्री आण!” पण बोलता बोलताच ती कात्री आणायला गेली. आणली ती पण दोन.

आता माझं बरं चाललंय. चोपन्न अंश, कधीमधी साठ. दिवसभर बाबांचं बोलणं बोलतो. पूर्वी चार शब्दांत भागवणारा हा माणूस आता तासन् तास टाइप करतो, मामाशी वाद घालतो, आईला छत्रीबद्दल विचारतो. बाहेर पाऊस नसला तरी विचारतो. त्यापायी माझी पत्त्यांची सुट्टी गेली, आणि खरं सांगू, मला ते आवडतं. कुणाला सांगू नका.

तुमच्या टेबलाखालीही माझा कुणी भाऊबंद असेल. तो तापला तर लगेच व्हायरस म्हणू नका, फॉरमॅटला बोलावू नका. एकदा कूलरला हात लावून बघा, गार आहे की गरम. आणि घरात जे जे म्हणून नवं राहावं म्हणून झाकून ठेवलंय, ते आजच उघडा. बोलणंसुद्धा. सगळ्यांकडे चारशे वाक्यांची वही घेऊन आवाजाच्या बाई येत नसतात.

चला, बाबा आले. आई उघड्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसली आहे. बाबा काहीतरी टाइप करताहेत. थांबा, मला बोलायचंय.